आयकर रिफंडवरचं व्याज रिटर्नमध्ये दाखवलंत का?

नीलमोहर | १६ ऑगस्ट २०२५

२०२३-२४ मध्ये घरभाड्याच्या पावत्या आणि विम्याचे कागद मी ऑफिसात मुदतीत दिले नव्हते. फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून टीडीएस भरपूर कापला गेला. जुलै २०२४ मध्ये रिटर्न भरताना सगळ्या वजावटी घेतल्या, रिफंड निघाला आणि १४ जानेवारी २०२५ ला खात्यात ५०,४६० रुपये जमा झाले. बँकेचा मेसेज आला, बरं वाटलं, विषय संपला असं धरून चालले.

या जुलैमध्ये २०२४-२५ चं रिटर्न भरलं. फॉर्म १६ समोर, बचत खात्याचं व्याज बघितलं, एका एफडीचं व्याज घातलं, ई-व्हेरिफाय केलं. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी एआयएस (आयकर पोर्टलवरचं आपलं वार्षिक माहितीपत्रक) उघडलं तर तिथे एक ओळ दिसली: इन्कम टॅक्स रिफंडवरचं व्याज, २,४०० रुपये. हे मी रिटर्नमध्ये कुठेच दाखवलेलं नव्हतं.

मग १४३(१) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून विभाग पाठवतो ती, पुन्हा काढली. (पीडीएफ उघडत नसेल त्यांच्यासाठी: पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी.) शेवटाकडे रिफंडचा तक्ता असतो. त्यात मूळ रिफंड ४८,०६० आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत कलम २४४ए खालचं व्याज २,४०० असं स्वच्छ लिहिलेलं आहे. बँकेत मात्र दोन्ही एकत्र येतं, एकाच नोंदीत. पासबुक बघून रिटर्न भरणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आकडा कसा आला तेही हाताने करून पाहिलं. दर महिन्याला अर्धा टक्का, सरळ व्याज. मूळ रक्कम शंभराच्या पटीत खाली आणायची, म्हणजे ४८,०६० चे ४८,०००. रिटर्न मुदतीत भरलं असल्यामुळे मोजणी १ एप्रिल २०२४ पासून. महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात, म्हणून जानेवारीचे चौदा दिवस धरून दहा महिने. ४८,००० चा अर्धा टक्का २४०, गुणिले दहा, २,४००. बरोबर जुळलं.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच, पण ती ठळकपणे सांगावीशी वाटते. मूळ रिफंड म्हणजे उत्पन्न नाही, तो माझाच जादा गेलेला पैसा. व्याज मात्र उत्पन्न आहे. आणि ते ज्या वर्षाच्या कराशी संबंधित आहे त्या वर्षाचं धरत नाहीत, ज्या वर्षी मिळालं त्या वर्षाचं धरतात. माझा कर २०२३-२४ चा, व्याज मिळालं २०२४-२५ मध्ये, आणि ते दाखवायचं आत्ताच्या रिटर्नमध्ये. याच सांध्यात ते निसटतं, कारण आपल्या डोक्यात रिफंडची फाइल मागच्या वर्षीच बंद झालेली असते.

२०२४-२५ च्या रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत दिलेली आहे. ज्यांचं रिटर्न भरायचं राहिलंय त्यांनी कृपया एआयएस आधी उघडा. आणि जाणकारांनी माझ्या समजुतीत काही चूक असेल तर दुरुस्त करा.

---

तिमाही | १६ ऑगस्ट २०२५

समजूत बरोबर आहे. सीएच्या ऑफिसात हेच काम करते, त्यामुळे दोन-चार गोष्टींची भर घालते.

हे व्याज 'इतर स्रोतांपासून उत्पन्न' या शीर्षकाखाली जातं आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. वेगळा सवलतीचा दर नाही. ८०टीटीए किंवा ज्येष्ठांची ८०टीटीबी ही वजावट यावर चालत नाही, कारण त्या दोन्ही बँक, सहकारी बँक आणि पोस्टातल्या ठेवींच्या व्याजासाठी आहेत. ही चूक मी दरवर्षी बघते. लोक रिफंडचं व्याज बचत खात्याच्या व्याजात मिळवून टाकतात आणि सगळ्यावर वजावट घेतात. आयटीआर-१ मध्ये इतर स्रोतांच्या यादीत रिफंडवरच्या व्याजाची स्वतंत्र ओळ निवडता येते, आयटीआर-२ मध्ये शेड्यूल ओएसमध्ये आहे. तिथेच घाला.

निवासी करदात्याला हे व्याज देताना टीडीएस कापला जात नाही. म्हणजे कर आपणच हिशेबात धरून भरायचा. एफडीच्या व्याजात निदान दहा टक्के आधी गेलेले असतात, इथे काहीच गेलेलं नसतं.

नीलमोहर, तुम्ही रिटर्न भरून टाकलंय म्हणून घाबरू नका. सुधारित रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर २,४०० वर ४८० आणि सेस धरून ५०० रुपये होतील. मूळ रिटर्न मुदतीत भरलंय, म्हणून रिटर्नच्या उशिराबद्दलचं २३४ए चं व्याज नाही, आणि एकूण देणं दहा हजारांच्या आत असल्यामुळे आगाऊ कराच्या व्याजाचाही प्रश्न येत नाही.

एक अट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रिफंडची रक्कम त्या वर्षाच्या ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याजच मिळत नाही. कर दीड लाख आणि रिफंड नऊ हजार, तर व्याज शून्य. त्यामुळे रिफंड आला म्हणजे व्याज असणारच असं नाही. सूचना बघा, त्यात ओळ असेल तर आहे.

---

सांजवारा | १६ ऑगस्ट २०२५

मला हे पटतच नाही. पैसा माझा, जास्तीचा कापून घेतला, महिनोन्‌महिने वापरला आणि त्याची भरपाई म्हणून जे चार पैसे दिले त्यावर परत कर? भरपाई म्हणजे उत्पन्न कसं?

---

जमाखर्च | १७ ऑगस्ट २०२५

सांजवारा, प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 'कायद्यात लिहिलंय म्हणून' एवढ्यावर सोडू नये.

बँकेत ठेवलेला पैसाही आपलाच असतो. तो परत मिळतो तेव्हा त्यावर कर नसतो, पैसा वापरू दिल्याबद्दल जे मिळतं त्यावर असतो. कायदा रिफंडकडे त्याच नजरेने बघतो. फरक असा की बँकेत पैसा आपण आपल्या मर्जीने ठेवतो, इथे तो कापला जातो. माझ्या मते तुमच्या बोचणीचं मूळ तिथे आहे. पण मर्जीचा फरक असला तरी व्याजाचा स्वभाव बदलत नाही, अशी भूमिका आपल्याकडे पक्की झालेली आहे.

भूसंपादनाचं उदाहरण बघा. जमीन गेली, वाढीव मोबदला न्यायालयातून उशिरा मिळाला, त्यावरचं व्याज मिळालं, तर तेही मिळालेल्या वर्षी करपात्र आहे. पण तिथे कायद्याने कलम ५७ मध्ये सरसकट ५० टक्के वजावट दिली. म्हणजे निम्म्यावरच कर. रिफंडच्या व्याजाला अशी वजावट नाही. सवलत मागायची तर हे उदाहरण हाताशी आहे.

आता कलमाचा थोडा मागोवा. २४४ए हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. त्याआधी आगाऊ कराच्या रिफंडला एक कलम, अपिलातून आलेल्या रिफंडला दुसरं, असे २१४, २४३, २४४ असे विखुरलेले तुकडे होते. आजचा महिना अर्धा टक्का दर ८ सप्टेंबर २००३ पासून आहे. बावीस वर्षं झाली, त्यानंतर तो बदललेला नाही.

व्याज मुळात भरपाई आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सँडविक एशिया या कंपनीचा खटला, निकाल जानेवारी २००६ चा. त्यांना रिफंडवरचं व्याज देण्यात बारा ते सतरा वर्षं उशीर झाला होता, आणि न्यायालयाने त्या उशिराबद्दल भरपाई देववली. त्यातून 'व्याजावरही व्याज मिळतं' अशी समजूत पसरली. २०१३ मध्ये गुजरात फ्लुरो केमिकल्सच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती खोडून काढली. सँडविकमधला आदेश त्या खटल्यातल्या अवाजवी उशिरापुरता होता, एरवी कायद्यात जेवढं व्याज लिहिलंय तेवढंच मिळेल, असं सांगितलं.

मला स्वतःला खटकतं ते दुसरंच. आपण कर भरायला उशीर केला तर २३४ए, बी, सी खाली महिना एक टक्का भरतो. ते व्याज कुठेही वजा मिळत नाही, अगदी धंदा असला तरी नाही. भारत कॉमर्सच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. उलट बाजूने सरकार देतं अर्धा टक्का, आणि त्यावर परत कर. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला वर्षाचे सहा टक्के हातात पडेपर्यंत चार टक्क्यांच्या आसपास राहतात. तोच माणूस चुकला तर बारा टक्के भरतो आणि त्याची कसलीही वजावट नाही. व्याज करपात्र असावं हे मी मान्य करेन. पण मग भरलेलं व्याजही वजा मिळायला हवं. एक पारडं उघडं आणि दुसरं झाकलेलं, हे न्याय्य नाही.

---

सांजवारा | १७ ऑगस्ट २०२५

जमाखर्च, शेवटचा परिच्छेद मी शब्दन्‌शब्द माझा म्हणून घेतो. बाकीचं नाइलाजाने मान्य.

---

दूरदेशी | १७ ऑगस्ट २०२५

मी जर्मनीत राहते. हाच वाद इथे चांगलाच रंगला होता. २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च कर न्यायालयाने म्हटलं की तुम्ही भरलेलं व्याज जर वजा मिळत नसेल, तर तुम्हाला मिळालेलं व्याजही करपात्र धरता येणार नाही. जमाखर्च यांनी मांडलेला युक्तिवाद अगदी हाच. पण त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून ते व्याज पुन्हा करपात्र केलं. दरही इथे पूर्वी महिना अर्धा टक्काच होता. बाजारातले व्याजदर शून्याला टेकलेले असताना एवढा दर लावणं घटनेत बसत नाही असं २०२१ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं, आणि २०१९ पासूनच्या काळासाठी तो महिना ०.१५ टक्के झाला. दोन्ही दिशांना तोच दर, हे मात्र मला आवडतं.

ब्रिटनमध्ये व्यक्तीला जादा भरलेल्या आयकरावर मिळणारं व्याज करमुक्त आहे, कंपन्यांना नाही. अमेरिकेत ते करपात्र आहे आणि दहा डॉलरपासून पुढे त्याचा वेगळा फॉर्म घरी येतो. म्हणजे सांजवारा यांचं म्हणणं जगावेगळं नाही, काही देशांनी ते मानलेलंही आहे.

माझ्यासारख्या अनिवासींसाठी भारतातला नियम थोडा वेगळा पडतो. आम्हाला हे व्याज देताना टीडीएस कापला जातो. आणि दुहेरी कर टाळण्याचा करार लागू असेल तर दराला मर्यादा येते. भारत-जर्मनी करारात व्याजासाठी १० टक्के आहे. अनिवासी कंपन्यांच्या बाबतीत हे व्याज त्यांच्या भारतातल्या धंद्याशी जोडलेलं धरायचं की नाही यावर आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या दिल्लीतल्या विशेष पीठाने २०११ मध्ये क्लॉ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात निर्णय दिला होता, आणि ते व्याजाच्याच कलमाखाली कमी दराने करपात्र धरलं.

---

पिंपळपान | १८ ऑगस्ट २०२५

मी निवृत्त आहे, वय ६८. नीलमोहर ताईंचं वाचून एआयएस उघडलं. मलाही ८८० रुपये व्याज दिसतंय, नोव्हेंबरमध्ये रिफंड आला होता त्यावरचं. रक्कम किरकोळ आहे म्हणून मी सोडून देणार होतो. पण मुलीने आकडे घालून पाहिले तेव्हा धक्का बसला. जाणकारांनी तपासावं.

पेन्शन ४,२०,०००. बँकांचं व्याज २,१०,०००. जुन्या करपद्धतीने प्रमाणित वजावट ५०,०००, ८०टीटीबी ५०,०००, आरोग्य विम्याचा हप्ता ३०,४००. करपात्र उत्पन्न ४,९९,६००, म्हणजे पाच लाखांच्या आत, कर शून्य. दरवर्षी असंच बसवतो. आता ८८० मिळवले की ५,००,४८०. आणि कर दाखवतोय १०,५००. आठशे ऐंशी रुपयांच्या व्याजावर साडेदहा हजार कर?

---

तिमाही | १८ ऑगस्ट २०२५

काका, मुलीचा हिशेब बरोबर आहे. जुन्या पद्धतीत कलम ८७ए ची सूट (जिच्यामुळे कर शून्य होतो ती) पाच लाखांपर्यंतच आहे आणि ती ओलांडली की पूर्णच जाते. तीन ते पाच लाखांवरचे १०,०००, वरच्या ४८० वर २० टक्क्यांनी ९६, आणि ४ टक्के सेस. झाले १०,५००. जुन्या पद्धतीत या टप्प्यावर सीमांत सवलत (मर्यादेवर जेवढं उत्पन्न गेलं तेवढ्यापुरताच कर ठेवणारी) नाही, म्हणून ही कडा इतकी उभी आहे.

पण जुनीच पद्धत धरायची गरज काय? नव्या पद्धतीत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे. ८०टीटीबी नाही, विमा नाही, तरी उत्पन्न येतं ५,५५,८८०. नव्या पद्धतीत २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंत सूट आहे, म्हणजे कर शून्य. तुम्हाला धंद्याचं उत्पन्न नाही, त्यामुळे पद्धत दरवर्षी बदलता येते, रिटर्नमध्येच निवडायची. १५ सप्टेंबरच्या आत भरा आणि ८८० रुपये त्यांच्या ओळीत दाखवा.

२०२४-२५ च्या हिशेबात नव्या पद्धतीत सात लाखांच्या कडेवर असलेल्यांना सीमांत सवलत मिळते. समजा उत्पन्न ७,००,७०० झालं, तर कर ७०० आणि सेस २८, एवढाच. कड्यावरून खाली पडणं तिथे नाही.

आणखी एक. तुमचा कर शून्यच येतो तर बँकेला वर्षाच्या सुरुवातीलाच फॉर्म १५एच (कर लागत नसल्याचं ज्येष्ठांचं घोषणापत्र) देऊन टाका. टीडीएस कापलाच जाणार नाही, मग रिफंडही नाही आणि त्यावरच्या व्याजाची ही भानगडही नाही.

---

पिंपळपान | १८ ऑगस्ट २०२५

मनापासून आभार. १५एच एका बँकेत दिला होता, दुसरीत राहिला. जुनी पद्धत माझ्या सवयीची होती म्हणून तीच धरून बसलो होतो. उद्याच भरतो.

---

कोरा कागद | १९ ऑगस्ट २०२५

माझा छोटा धंदा आहे, ४४एडी खाली, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून, रिटर्न भरतो. दोन शंका. एक, हे व्याज उलाढालीत धरून त्यावर टक्केवारी लावायची का? दोन, माझा २२ हजारांचा रिफंड खात्यात आलाच नाही, जुन्या वर्षाच्या थकबाकीत वळता केला. मग व्याज मिळालं असं धरायचं का?

---

तिमाही | १९ ऑगस्ट २०२५

उलाढालीत नाही. धंद्याच्या विक्रीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे इतर स्रोतांत वेगळं दाखवा, पूर्ण रकमेवर कर.

दुसऱ्या शंकेचं उत्तर पुष्कळांना आवडत नाही. कलम २४५ खाली रिफंड थकबाकीत वळवला तरी व्याज दिलं गेलं असंच धरतात. पैसा हातात आला नसला तरी तुमचं देणं तेवढ्याने कमी झालं ना. सूचनेत किंवा वळतं करण्याच्या आदेशात व्याजाची रक्कम दिलेली असते, ती घ्या. आणि ती थकबाकी चुकीची असेल तर ती स्वतंत्रपणे लढा, व्याज लपवून नाही.

---

उंबरठा | १९ ऑगस्ट २०२५

एक विचार मनात आला. सहा टक्के सरळ व्याज, सरकारची हमी. एफडीपेक्षा वाईट नाही. मग मुद्दाम जास्त आगाऊ कर भरून ठेवला तर?

---

जमाखर्च | १९ ऑगस्ट २०२५

नका करू. आगाऊ कर तुम्ही जून महिन्यात भरलात तरी व्याज सुरू होतं पुढच्या १ एप्रिलपासून. जून ते मार्च हे दहा महिने कोरडे. रिटर्नच्या वेळी भरलेल्या स्वयंनिर्धारण करावर तर रिटर्नची तारीख किंवा भरणा यापैकी जी नंतरची असेल तिथूनच मोजणी, आणि हेही २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात नीट आलं. रिटर्न उशिरा भरलं तर १ एप्रिलचा फायदा जातो, भरल्याच्या तारखेपासून व्याज. करदात्यामुळे उशीर झाला तर तेवढा काळ वगळतात. शिवाय सूचना लवकर निघाली तर चार-पाच महिन्यांत पैसा परत येईल, मग व्याज कुठलं? आणि दहा टक्क्यांची अट आहेच. पैसा अडकवून ठेवायची ही जागा नाही.

---

उंबरठा | १९ ऑगस्ट २०२५

समजलं. दहा महिन्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

---

वळणरस्ता | २१ ऑगस्ट २०२५

उलटा प्रकार विचारते. १४३(१) मध्ये रिफंड आणि व्याज मिळालं, व्याजावर कर भरला. नंतर छाननीत उत्पन्न वाढलं आणि रिफंड परत मागितला. आता मी न मिळालेल्या व्याजावर कर भरून बसले आहे. तो परत कसा मिळवायचा?

---

जमाखर्च | २१ ऑगस्ट २०२५

हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण कर कोणत्या वर्षी लावायचा याचा निर्णय याच अडचणीतून झाला.

युक्तिवाद असा होता की १४३(१) चं व्याज तात्पुरतं आहे, पुढे छाननीत बदलू शकतं, मग शेवटचा निर्णय झाल्यावरच ते उत्पन्न धरा. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष पीठाने अवदा ट्रेडिंगच्या प्रकरणात २००६ मध्ये तो नाकारला. व्याज मंजूर झालं त्याच वर्षी ते करपात्र. पण त्याच निकालात तुमच्यासाठी वाट ठेवली आहे: नंतर व्याज काढून घेतलं गेलं तर ज्या वर्षी ते उत्पन्नात धरलं होतं त्या वर्षाचा आदेश कलम १५४ खाली दुरुस्त करून घेता येतो.

म्हणजे करायचं असं. छाननीच्या आदेशात २४४ए चं व्याज किती कमी झालं ते शोधा, कारण २४४ए(३) प्रमाणे ते मूळ आकड्यावरून पुन्हा मोजतात. मग ज्या वर्षी कर भरला त्या वर्षासाठी १५४ चा अर्ज, सोबत नवा आदेश. त्या वर्षाचा आदेश निघाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांची मुदत असते, ती उलटू देऊ नका. जास्तीचा रिफंड परत घेताना २३४डी खाली महिना अर्धा टक्का व्याज लावतात. ते लावलेलं वजा मिळत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नका. काढून घेतलेलं २४४ए चं व्याज आणि लावलेलं २३४डी चं व्याज, हे दोन वेगळे.

---

वळणरस्ता | २१ ऑगस्ट २०२५

आमच्या सल्लागारांनी दोन्ही एकत्रच धरले होते. वेगळे करून मांडते.

---

कोरा कागद | २२ ऑगस्ट २०२५

आणि मागच्या तीन वर्षांत ज्यांनी हे कधीच दाखवलं नाही त्यांनी? मीच आहे त्यातला.

---

तिमाही | २२ ऑगस्ट २०२५

सुधारित रिटर्नची मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न आहे, १३९(८ए). पूर्वी दोन वर्षं होती, एप्रिल २०२५ पासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. पहिल्या वर्षी कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. हजार-दोन हजारांच्या व्याजावर ही रक्कम लहानच येते. एआयएस २०२१ च्या नोव्हेंबरपासून आहे आणि ही ओळ त्यात असते, त्यामुळे विभागाकडे माहिती आधीच आहे हे धरून चाला. स्वतःहून भरलेलं आणि नोटिशीनंतर भरलेलं यात फरक पडतो. कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड करावर ५० टक्के आहे, आणि तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

---

सांजवारा | २४ ऑगस्ट २०२५

आता माझीच एक शंका. सूचना ३० मार्चची, पैसे खात्यात ३ एप्रिलला. कुठलं वर्ष?

---

जमाखर्च | २४ ऑगस्ट २०२५

अवदाच्या निकालात कसोटी मंजुरीची आहे, म्हणजे मार्चचं वर्ष. तरी एआयएस आणि २६एएस (कापलेल्या-भरलेल्या कराचं विवरण) मध्ये कोणती तारीख पडली आहे ते बघा. तिथे एप्रिल दिसत असेल आणि तुम्ही मार्चच्या वर्षात दाखवलं असेल तर पुढच्या वर्षी तफावतीची विचारणा येईल. ती आली तर मागच्या रिटर्नची प्रत दाखवून उत्तर द्यायचं. एकदाच दाखवायचं, पण एकदा दाखवायचंच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, २१ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून या धाग्यातले क्रमांक तपासून घ्या.

---

नीलमोहर | २४ ऑगस्ट २०२५

काल सुधारित रिटर्न भरलं. इतर स्रोतांच्या यादीत रिफंडवरच्या व्याजाची ओळ निवडली, २,४०० घातले. देणं निघालं बरोबर ५०० रुपये, जसं तिमाही यांनी सांगितलं होतं. चलन भरलं, त्याचा क्रमांक टाकला, ई-व्हेरिफाय झालं. आणि या वर्षी ऑफिसात घरभाड्याच्या पावत्या आत्ताच देऊन आले आहे.